एका हाताखालची शंभर खाती : जुन्नर-आंबेगावच्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि सदस्य



शिरूर लोकसभेचं मतदान १३ मे २०२४ रोजी झालं. त्याच आठवड्यात पुणे ग्रामीण पोलिसांनी नारायणगावातल्या एका तीन मजली इमारतीवर छापा घातला. महादेव बेटिंग अ‍ॅपचा कारभार तिथून चालत असल्याचं पोलिसांनी सांगितलं. सत्तरहून अधिक जण ताब्यात घेतले गेले, लॅपटॉप आणि मोबाइल जप्त झाले. आयपीएलचा हंगाम ऐन भरात होता. टोमॅटोचा बाजार, तमाशाच्या राहुट्या आणि खोडदची दुर्बीण यांच्यासाठी ज्या गावाचं नाव घेतलं जातं, ते गाव सट्ट्यासाठी देशभरच्या वाहिन्यांवर झळकलं. मग निकाल लागले, पाऊस पडला, शेतीची कामं सुरू झाली आणि विषय मागे पडला.

तो मागे पडू नये म्हणून हे पत्र लिहितो आहे. छाप्याच्या बातम्यांत माणसांचे आणि यंत्रांचे आकडे आले. मला प्रश्न पडला तो खात्यांचा. अशा ठिकाणी लॅपटॉपपुढे बसलेला एक पोरगा एका वेळी किती जणांच्या नावाने काम करत असतो? ती नावं कोणाची? ती त्याच्यापर्यंत पोचतात कशी? याची उत्तरं पोलीस ठाण्यात शेवटी पोचतात, पण ती तयार होतात गावात. म्हणून हे पत्र पोलीस अधीक्षकांना न लिहिता तुम्हाला लिहिलं आहे.

आधी हे तंत्र नीट समजून घेऊ. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कॉलेजची मुलं आहेत त्यांना यातले निम्मे शब्द ऐकून माहीत असतील.

ऑनलाइन खेळात प्रत्येक खेळाडूचं एक खातं असतं. मुलं त्याला ‘आयडी’ म्हणतात. एका माणसानं एकाच वेळी अनेक आयडी चालवायच्या, याला खेळणाऱ्यांच्या जगात ‘मल्टीबॉक्सिंग’ म्हणतात. ही गोष्ट वीस वर्षांपेक्षा जुनी आहे. पूर्वी हौशी माणूस टेबलावर दोन-तीन संगणक मांडून बसायचा. मग सॉफ्टवेअर आलं. एकाच पडद्यावर खेळाच्या पाच-दहा खिडक्या उघडायच्या, एका खिडकीत बटण दाबलं की तेच बटण बाकीच्या सगळ्या खिडक्यांत आपोआप दाबलं जातं. दहा सैनिक एकदम चालतात, एकदम वार करतात. मोबाइलच्या खेळांसाठी ‘एम्युलेटर’ नावाचे प्रोग्रॅम मिळतात. ते संगणकाच्या पोटात खोटे मोबाइल तयार करतात, हवे तितके, आणि एका खोट्या मोबाइलवर केलेली हालचाल बाकीच्यांवर उतरवतात. साध्या फोनमध्येसुद्धा एकाच अ‍ॅपच्या दोन प्रती चालवायची सोय आता कंपन्याच देतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ‘मॅक्रो’: एकदा केलेल्या हालचाली नोंदवून ठेवायच्या आणि प्रोग्रॅम त्या रात्रभर करत राहतो. शेवटची पायरी ‘बॉट’. तिथे माणसाची गरजच उरत नाही.

यात मुळातच काही पाप आहे असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही ग्रामसभेत तसं म्हणू नका, कारण मुलं तिथेच तुमचं ऐकणं बंद करतील. अनेक यंत्रं एका जागेवरून चालवणं हे आपल्याच तालुक्यात जगातल्या उत्तम पद्धतीनं चाललेलं आहे. खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांनी हे स्वप्न पाहिलं आणि उभं केलं. त्या तीसही तबकड्या एका नियंत्रण कक्षातून वळतात आणि आकाशातल्या एकाच बिंदूकडे पाहतात. पण तिथली प्रत्येक तबकडी त्या संस्थेच्या नावावर आहे, तिची जागा, तिचा क्रमांक, तिचा हिशोब उघड आहे. एका हातानं तीस तबकड्या फिरवण्यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण तीस वेगवेगळ्या माणसांचं सोंग तिथे कोणी घेत नाही. खात्यांच्या धंद्यात नेमकं हे सोंग विकलं जातं.

खेळ बनवणाऱ्या कंपन्यांच्या हे लवकर लक्षात आलं. आइसलंडची सीसीपी कंपनी ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा खेळ चालवते. एका माणसानं पैसे भरून दोन-चार खाती ठेवली तर तिची हरकत नसते. पण एका बटणानं अनेक खात्यांना एकदम हुकूम देण्यावर तिनं १ जानेवारी २०१५ पासून बंदी घातली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ब्लिझर्ड कंपनीनं असाच निर्णय नोव्हेंबर २०२० मध्ये घेतला. कारण सरळ होतं. खेळात मेहनत करून मिळणारी सोन्याची नाणी, हत्यारं, खनिजं यांना बाहेर खऱ्या पैशात गिऱ्हाईक असतं. पन्नास आयडी चालवणारा माणूस ती ढिगानं गोळा करून विकतो, आणि एका आयडीनं खेळणाऱ्या पोराच्या संध्याकाळच्या दोन तासांना किंमत उरत नाही. तिथे पैसा नुसता कडेकडेनं होता, तरी ही वेळ आली.

आपल्याकडे पैसा मधोमध होता. रमीचं टेबल घ्या. चार माणसं बसलेली दिसतात. त्यांतली तीन खाती एकाच माणसाची असतील, तर तीन हातांतली पानं त्याला दिसतात. कोणतं पान बाहेर पडलं, कोणतं येणं शक्यच नाही, हे त्याला ठाऊक असतं, आणि चौथा माणूस आपल्या हुशारीवर विसंबून खेळत असतो. त्या चौथ्या माणसाला हरायलाच तिथे बसवलेलं असतं. मंचरच्या किंवा ओतूरच्या एखाद्या खोलीत रात्री दोन वाजता ‘एक डाव आणखी’ म्हणणारा मुलगा बहुधा तो चौथा असतो. नव्या खेळाडूला कंपनी बोनस द्यायची, ओळखीच्याला आणलं तर दोघांना बोनस मिळायचा. एका माणसानं पन्नास खाती काढून पन्नास बोनस घ्यायचे, ही आणखी एक वाट. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर अंमलबजावणी संचालनालयानं एका मोठ्या गेमिंग कंपनीच्या संस्थापकांना अटक केली. खेळाडूंना न सांगता त्यांच्यासमोर माणसाऐवजी प्रोग्रॅम खेळायला बसवले, असा त्यांच्यावर आरोप आहे. तो न्यायालयात ठरेल. पण समोर कोण बसलं आहे हे खेळणाऱ्याला कधीच कळत नाही, एवढं समजायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.

लोकांनी मात्र जिंकणारेच पाहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये, क्रिकेटचा विश्वचषक चालू असताना, पिंपरी-चिंचवडचा एक फौजदार एका फॅन्टसी अ‍ॅपवर दीड कोटी रुपये जिंकला. त्याला नंतर निलंबित केलं गेलं. निलंबनाची बातमी किती जणांनी वाचली ते सांगता येत नाही, दीड कोटींची मात्र प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचली होती. त्याच वर्षी जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला होता, आणि नंतर तोच टोमॅटो उतरला. ज्या तालुक्यांत घामाच्या पिकाचाही भाव असा वर-खाली होतो, तिथल्या तरुणाला पैसा हा नशिबाचाच खेळ वाटला, तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही.

आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअर शंभर खिडक्या फुकटात उघडून देतं, शंभर माणसं मात्र त्याला तयार करता येत नाहीत. प्रत्येक खात्यामागे एक मोबाइल नंबर लागतो. पैशाचा खेळ असेल तर आधार आणि पॅन लागतं. आणि पैसे आत घ्यायला, बाहेर काढायला बँकेचं खातं लागतं, तेही जिवंत माणसाच्या नावाचं, ज्याच्यावर बँकेला संशय येणार नाही असं. हा कच्चा माल कोणत्याही संगणकातून निघत नाही. तो मिळतो आपल्या वाड्या-वस्त्यांवर. म्हणून या सगळ्या तंत्राचं शेवटचं टोक आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावात, किंवा जुन्नरच्या बाजारपेठेत छत्री लावून सिमकार्ड विकणाऱ्या पोऱ्यापाशी येऊन टेकतं.

महादेव अ‍ॅपची रचना पाहिली की हे स्पष्ट होतं. मूळचे छत्तीसगडच्या भिलाईचे दोन प्रवर्तक, सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल, दुबईतून हा कारभार चालवत होते, असं अंमलबजावणी संचालनालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं. देशभर ‘पॅनेल’ म्हणजे शाखा वाटलेल्या. नफ्याची वाटणी सत्तर-तीस. गिऱ्हाइकाचा संपर्क व्हॉट्सअ‍ॅपवर. तो सांगितलेल्या बँक खात्यात पैसे भरतो, त्याला आयडी मिळते, आयडीवर पॉइंट चढतात. जिंकला तर दुसऱ्याच कुठल्या खात्यातून त्याला पैसे येतात. म्हणजे पॅनेलवरच्या मुलाच्या एका हाताखाली शेकडो आयडी आणि दुसऱ्या हाताखाली परक्या लोकांची बँक खाती. एक खातं गोठलं की दुसरं, दुसरं गोठलं की तिसरं. ५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं महादेवसह २२ अ‍ॅप आणि संकेतस्थळं बंद केली. त्यानंतर सहा महिन्यांनी पोलीस नारायणगावच्या त्या इमारतीत शिरले. अ‍ॅप बंद करून धंदा बंद होत नाही, कारण धंदा अ‍ॅपवर उभा नसतो, तो खात्यांवर उभा असतो.

नारायणगावच कसं काय निवडलं, असं अनेकांनी तेव्हा विचारलं. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. पुणे-नाशिक महामार्ग दारातून जातो, आळेफाटा जवळ, कल्याणकडून नगरला जाणारा रस्ता तिथेच मिळतो. बाजारपेठेचं गाव म्हणून बाहेरची माणसं रोज येतात-जातात, परप्रांतीय चेहऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. इमारती भाड्यानं मिळतात, इंटरनेट उत्तम आहे, आणि मोठ्या शहराएवढा पोलिसांचा वावर नाही. हेच वर्णन मंचरला लागू पडतं, आळेफाट्याला पडतं, घोडेगावला थोडं कमी पडतं. हे सगळं आपल्या गावांचं बळ आहे आणि ते सोडा असं कोणी म्हणणार नाही. पण कोणती इमारत कोणाला, कशासाठी दिली आहे हे गावाला माहीत असायला हवं.

खातं भाड्यानं मागणारा माणूस भीतिदायक नसतो. तो बहुधा ओळखीचाच असतो, मित्राचा मित्र, कॉलेजमधला सीनियर, कधी नात्यातला. ‘तुला काही करायचं नाही, फक्त खातं उघड, सिम घे, एटीएम कार्ड आणि पासबुक मला दे, महिन्याला पैसे मिळतील.’ मजुरीच्या दिवसांवर जगणाऱ्या घरात हे पैसे लहान नसतात. देणाऱ्याला आपण गुन्हा करतो आहोत असं वाटतही नाही. आपलं रिकामं पडलेलं खातं कोणाच्या उपयोगी पडलं, इतकंच त्याच्या मनात असतं.

मग एक दिवस बँकेतून पैसे निघत नाहीत. दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या पोलिसांनी खातं गोठवलेलं असतं. त्या राज्याचं नाव सोडून आपल्या माणसाला काही माहीत नसतं. आणि आज आपल्या खेड्यांत बँक खातं म्हणजे काय काय आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दुधाचा पगार त्यावर येतो. कारखान्याचं उसाचं बिल त्यावर येतं. पीएम किसानचे दोन हजार, लाडक्या बहिणीचे दीड हजार, निराधारांचं मानधन, मुलीची शिष्यवृत्ती. नावाचा वापर दुसरीकडे झाला म्हणून या सगळ्याला कुलूप लागतं. ते उघडून घ्यायला परराज्यातल्या सायबर पोलिसांकडे अर्ज, वकील, खेपा. ज्यानं खातं वापरलं तो तोपर्यंत तिसऱ्या तालुक्यात नवी खाती गोळा करत असतो. या साखळीत सगळ्यात कमी पैसे ज्याला मिळाले तोच सगळ्यात आधी सापडतो, कारण कागदावर फक्त त्याचंच नाव खरं असतं. मला या विषयात सगळ्यात जास्त संताप येतो तो याचाच.

कायदा आता पूर्वीसारखा ढिला राहिलेला नाही, हेही लोकांना सांगायला हवं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीनं चालवलेला बेकायदा सट्टा आणि जुगार ‘किरकोळ संघटित गुन्हा’ म्हणून आला आहे. शिक्षा किमान एक वर्ष, कमाल सात वर्षं. नव्या दूरसंचार कायद्यानुसार एका माणसाच्या नावावर आपल्याकडे नऊपेक्षा जास्त सिमकार्डं नसावीत. जास्त असली तर पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड. फसवून किंवा दुसऱ्याच्या नावावर सिम घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. त्याला कायदा बळी मानतो. हे मला मनापासून पटतं. पण खातं देणारा स्वतःला खेळणारा समजत असेल, तर तो चुकतो. पैशाचा व्यवहार ज्याच्या खात्यातून गेला तो चौकशीत चालवणाऱ्यांच्या बाजूला उभा असतो.

त्या कायद्यानंतर मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले. धोका मात्र संपला नाही, त्यानं जागा बदलली. उघड अ‍ॅपवर निदान तक्रार करायला एक पत्ता होता. आता जे उरलं आहे ते परदेशातल्या संकेतस्थळांवर, टेलिग्रामच्या गटांत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या आयडींत आहे, आणि तिथला सगळा व्यवहार भाड्याच्या खात्यांवरच चालतो. म्हणजे आपल्या गावातल्या साध्या माणसाच्या नावाची मागणी कमी होणार नाही, वाढेल.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मी काळजीपूर्वक सांगतो. फ्री फायर, बीजीएमआय खेळणारा मुलगा सट्टेबाज नाही. नव्या कायद्यानंही ई-स्पोर्ट्सला वेगळं ठेवून मान्यता दिली आहे. एकाच वेळी चार खिडक्या चालवायला शिकलेल्या मुलाच्या अंगात संगणकाचं चांगलं ज्ञान असतं. एम्युलेटर बसवणं, नेटवर्क समजणं, छोटे प्रोग्रॅम लिहिणं हे त्यानं कुठल्या क्लासशिवाय मिळवलेलं असतं. पण याच वयात आयडी विकायची सवय लागते. महिनोन्‌महिने खेळून वर नेलेली आयडी कोणाला तरी पैसे घेऊन देणं, पासवर्ड सांगून टाकणं, मित्राच्या आयडीवरून खेळणं. कंपन्यांच्या नियमांत याला मनाई असते, पण मुलांमध्ये ती रोजची गोष्ट आहे. खातं म्हणजे आपलं नाव नाही, विकायची वस्तू आहे, हा धडा तिथे गिरवला जातो. तेरा वर्षांचा असताना ज्यानं खेळाचं खातं विकलं, त्याला अठराव्या वर्षी बँकेचं खातं मागितलं तर तो फार विचार करत नाही. शिक्षकांनी आणि आईबापांनी मुलांशी बोलायचंच असेल तर ‘गेम खेळू नको’ यापेक्षा या गोष्टीवर बोलावं. आणि ज्या मुलाला हे काम चांगलं जमतं त्याला ते सरळ वाटेनं कुठे करता येईल, हे दाखवणारा कोणीतरी तालुक्यात असावा. पगार चांगला, राहायला खोली, ‘बॅक ऑफिसचं काम’ असं सांगून पॅनेलवर नेऊन बसवणारे याच मुलांच्या शोधात असतात.

आता तुमच्याकडून काय हवं ते. ग्रामपंचायतीकडे पोलिसांचे अधिकार नाहीत, सायबर तज्ज्ञ नाहीत, हे मला माहीत आहे. पण नमुना ८ च्या नोंदवहीमुळे गावातली प्रत्येक इमारत तुमच्या कागदावर आहे, आणि ती कोणाच्या मालकीची आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ज्या मालकांनी पूर्ण मजला किंवा पूर्ण इमारत भाड्यानं दिली आहे, त्यांच्याकडून भाडेकराराची प्रत आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिल्याची पोच मागा. नोंद नसेल तर करायला लावा. बाहेरून आलेल्या गरीब मजुराला छळायला हे वापरू नका; कांदा भरणारा बिहारी पोरगा तुमचा प्रश्न नाही. बंद दारांचा मजला, रात्रभर चालणारे दिवे, चार-चार इंटरनेट जोडण्या आणि खालच्या दुकानदारालाही माहीत नसलेलं काम, हा तुमचा प्रश्न आहे.

दुसरं काम आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाकडून होईल. गावात सगळ्यांची आधार कार्डं त्याच्या हाताखालून जातात, तशीच ती झेरॉक्सच्या दुकानातूनही जातात. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे पाहता येतं, आणि अनोळखी नंबर तिथूनच तक्रार करून बंद करता येतो. ज्येष्ठ माणसांना आणि बायकांना हे एकदा बसून पाहून द्या. बाजारात सिम घेताना ‘अंगठा नीट उठला नाही, पुन्हा लावा’ म्हणून दुसरं सिम काढून घेतल्याचे प्रकार ठिकठिकाणी उघड झालेले आहेत. आधारची प्रत द्यावी लागलीच तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, आणि अंगठ्याचा वापर बंद करून ठेवण्याची सोयही आधारच्याच संकेतस्थळावर आहे. पश्चिमेच्या पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या गावांत जिथे फोनला रेंज मिळायला टेकडी चढावी लागते, तिथे हे काम गावकऱ्यांनी स्वतः होऊन करावं अशी अपेक्षा धरणं चूक आहे. तिथे माणूस पाठवावा लागेल. आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि बचत गटांच्या बैठका यांच्यातून ही गोष्ट जितकी पोचेल तितकी कुठल्या फलकानं पोचणार नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ज्यानं खातं देऊन टाकलं आहे त्याला परत यायला वाट ठेवा. गावात गवगवा होईल या भीतीनं माणूस गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यानं जास्त अडकतो. त्यानं त्याच दिवशी बँकेत जाऊन कार्ड आणि ऑनलाइन व्यवहार बंद करायला लेखी सांगितलं, पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तर त्याच्या बाजूनं निदान एक कागद उभा राहतो. सरपंचांनी सोबत जाऊन अर्ज देण्यानं खूप फरक पडतो; ठाण्याची पायरी एकट्यानं चढायची हिंमत सगळ्यांत नसते. पैसे बुडाले असतील तर १९३० हा क्रमांक लगेच लावायचा; जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

तुमच्यातले काही म्हणतील की नारायणगावात जे झालं ते बाहेरून आलेल्यांनी केलं, आपला काय संबंध. इमारत आपली होती. वीज आपली, रस्ता आपला. आणि अशा धंद्याला लागणारी खाती कोणत्याही गावातून जाऊ शकतात, तुमच्याही. ती गेली नाहीत अशी खात्री आज तुमच्यापैकी कोणी देऊ शकत असेल तर फार चांगलं. देता येत नसेल तर विचारायला सुरुवात करा.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. येणाऱ्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘बँक खाते, सिमकार्ड आणि कागदपत्रे दुसऱ्याला वापरण्यास देण्याबाबत’ हा विषय लिहून घ्या, बीट अंमलदाराला आणि जवळच्या बँकेच्या शाखाधिकाऱ्याला त्या दिवशी बोलावून घ्या, आणि कॉलेजच्या मुला-मुलींना पुढच्या रांगेत बसवा. पावसाळ्याचं कारण, निवडणुकीचं कारण, कोरम भरत नाही हे कारण, सगळी मला माहीत आहेत. ही सभा भरेल. तुमच्या गावात एकाच्याही खात्यातले पैसे गोठलेले असतील तर नक्कीच भरेल.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक रहिवासी